ह्युगोला मत कसं द्यायचं, आपल्या घरात बसून

दरवर्षी आंबे सुरू झाले की कोणी ना कोणी मला विचारतंच, की अगं ते ह्युगोचं मत तू इथे बसून कसं देतेस, त्याला अमेरिकेत जावं लागत नाही का. नाही लागत. मी गुहागरात राहते आणि माझं मत तिकडच्या कुठल्याही माणसाच्या मताइतकंच मोजलं जातं. आता आमच्या वाडीतले आम्ही तिघं देतो. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. ह्युगो म्हणजे सायन्स फिक्शन आणि फँटसीचा पुरस्कार. पहिल्यांदा दिला १९५३ साली फिलाडेल्फियाला, नाव पडलं ह्युगो गर्न्सबॅकवरून, ज्याने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं मासिक काढलं होतं. याला परीक्षक मंडळ नाही, आणि मला तो आवडतो तो नेमका त्यामुळेच. वर्ल्डकॉन म्हणून संमेलन असतं, दरवर्षी वेगळ्या शहरात, त्याचे जे सदस्य असतात तेच निवडतात. वाचक, लेखक, संपादक, सगळ्यांना एकेकच मत. नेब्युला पुरस्कार वेगळा, तिथे लेखकांच्या संघटनेचे सदस्य मत देतात, आपल्यासारख्या नुसत्या वाचणाऱ्यांना तिथे जागा नाही.

तर पहिलं काम सदस्यत्व. त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनच्या साइटवर जायचं, तिथे दोन प्रकार दिसतील. एक संमेलनाला जाणाऱ्यांचा, महाग. दुसरा नुसता डब्ल्यूएसएफएस (वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटी) सदस्यत्व म्हणून, साधारण ५० डॉलरच्या आसपास, मत द्यायला तेवढंच पुरतं. रुपयात चार-साडेचार हजार होतात, कमी नाहीत, मला माहीत आहे. मी महिन्याला थोडे बाजूला टाकते. ज्यांना जमत नाही त्यांनी 'लोकस' मासिकाच्या पुरस्काराच्या मतदानात भाग घ्यावा, ते सगळ्यांना खुलं आणि फुकट आहे, फक्त त्या मासिकाच्या वर्गणीदारांचं मत दुप्पट धरतात.

पैसे भरताना आपल्याकडे हमखास अडतं ते कार्डावर. २०२० पासून आपल्या बँका कार्ड देतात ते फक्त देशात चालेल असं देतात, परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करायचा असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंगमध्ये जाऊन इंटरनॅशनल ऑनलाइन चालू करा, लिमिट पाच-सहा हजाराचं ठेवा, पैसे गेले की लगेच बंद करा. माझं पहिल्यांदा तीन वेळा फेल गेलं आणि मी साइटलाच दोष देत बसले होते. दुसरी अडचण ओटीपीची. आमच्याकडे घरात रेंज एक काडी येते आणि जाते, ओटीपी येईपर्यंत पेज एक्सपायर होतं, म्हणून मी सरळ वर सड्यावर जाते, टॉवर समोर दिसतो तिथे उभी राहून फोनवरच भरते. ईमेल मात्र नीट, रोज बघता तोच द्या, कारण मतदानाची लिंक त्याच्यावरच येते आणि ती स्पॅममध्ये जाऊन पडायची दाट शक्यता असते.

कधी घ्यायचं? वर्ष संपायच्या आत घेऊन टाका. मतदानाचे दोन टप्पे आहेत, आधी नॉमिनेशन मग अंतिम मतदान, आणि नॉमिनेशनसाठी ठरावीक तारखेच्या आधी सदस्य असावं लागतं. आदल्या वर्षीच्या वर्ल्डकॉनचे सदस्य असाल तर पुढच्या वर्षी नॉमिनेट करता येतं, पण अंतिम मत द्यायला चालू वर्षाचं सदस्यत्वच पाहिजे. हे दोन्ही एकच समजून माणसं फसतात. उशीर झालाच तर निराश होऊ नका, उन्हाळ्यात सदस्य होऊनसुद्धा अंतिम मत देता येतं.

आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर काजू-आंब्याला मोहोर असतो तेव्हा नॉमिनेशन, आंब्याच्या पेट्या भरत असतात तेव्हा फायनलिस्ट जाहीर, आणि खरं मतदान पावसाळ्यात, १ जूनला मासेमारी बंदी लागते त्याच्या मागेपुढे. आमचा सुभाषदादा खलाशी आहे, तो म्हणतो होडी वर ओढली की माझं वाचन पाण्यात उतरतं. तिघांतला तिसरा तोच.

नॉमिनेशनचं सांगते. आदल्या कॅलेंडर वर्षात प्रसिद्ध झालेलं काहीही सुचवता येतं, प्रत्येक कॅटेगरीत जास्तीत जास्त पाच. पाच भरलेच पाहिजेत असं नाही, एकच आवडलं असेल तर एकच टाका, आठ कॅटेगऱ्या रिकाम्या सोडल्या तरी चालतं. गोष्टींच्या कॅटेगऱ्या शब्दसंख्येवर आहेत: ७,५०० पेक्षा कमी शब्द म्हणजे शॉर्ट स्टोरी, तिथून १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, मग ४०,००० पर्यंत नॉव्हेला, त्याच्या पुढे कादंबरी. बाकी सिरीज, ग्राफिक स्टोरी, सिनेमा आणि मालिका, संपादक, चित्रकार, फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी हौसेने काढलेली मासिकं, पॉडकास्ट, आता गेमसुद्धा आहेत.

मोजणी कशी होते हे कळलं की नॉमिनेशन करायला हुरूप येतो, म्हणून थोडं सांगते. २०१७ पासून नवीन पद्धत आहे. तुम्हाला प्रत्येक कॅटेगरीत एक पॉइंट मिळतो, तो तुम्ही सुचवलेल्या सगळ्यांत सारखा वाटला जातो. चार नावं टाकली तर प्रत्येकाला पाव. मग सगळ्यांत कमी पॉइंटची दोन नावं समोरासमोर धरतात, त्यातलं कमी जणांनी सुचवलेलं असतं ते बाद, आणि त्याला दिलेला तुमचा वाटा तुमच्याच उरलेल्या नावांकडे जातो. असं करत करत सहा उरले की ते फायनलिस्ट. एखाद्या टोळीने ठरवून एकच यादी सगळ्यांना भरायला लावली तर सगळ्या जागा बळकावता येऊ नयेत, म्हणून ही पद्धत आणली. २०१५ ला तसं झालं होतं आणि मग सदस्यांनी पाच कॅटेगऱ्यांत पुरस्कारच द्यायचा नाही असं मत देऊन उत्तर दिलं, त्याबद्दल पुढे येते.

आता एक गोष्ट जी मराठी वाचकांनी मनावर घ्यावी असं मला फार वाटतं. ह्युगो फक्त इंग्रजीसाठी नाही. मराठीत छापून आलेली विज्ञानकथा, समजा दिवाळी अंकातली, त्या वर्षाच्या पुरस्काराला पात्रच असते, आणि पुढे कधी तिचं इंग्रजी भाषांतर झालं की त्या वर्षी ती पुन्हा पात्र ठरते. २०१५ ला कादंबरीचा ह्युगो मिळवला तो चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांनी, केन लिऊ यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे, भाषांतरित कादंबरीला मिळालेला तो पहिला. आपल्याकडे साठ-सत्तर वर्षं दिवाळी अंकांत विज्ञानकथा येतायत, त्यातल्या चांगल्या गोष्टी भाषांतर करून तिकडच्या मासिकांना पाठवणारी माणसं पाहिजेत. मी दरवर्षी शॉर्ट स्टोरीत एक तरी मराठी कथा टाकते. ती फायनलला जाणार नाही हे मला कळतं, पण मला ती खरंच आवडलेली असते आणि सुचवायचा हक्क माझा आहे, मग का सोडू.

वाचायला मिळतं कुठून हा पुढचा प्रश्न. छोट्या गोष्टी बहुतेक फुकट आहेत, क्लार्क्सवर्ल्ड, अनकॅनी, स्ट्रेंज होरायझन्स, रिॲक्टर, सगळ्यांच्या साइटवर उघड्या ठेवलेल्या असतात. स्ट्रेंज होरायझन्सला तर २०२४ चा सेमीप्रोझिनचा, म्हणजे अर्धव्यावसायिक मासिकाचा ह्युगो मिळालाय. कादंबऱ्यांसाठी फायनलिस्ट जाहीर होईपर्यंत थांबते मी, कारण नंतर व्होटर पॅकेट येतं. पॅकेट म्हणजे प्रकाशक आणि लेखक मतदारांना वाचायला देतात त्या फाइलींचा गठ्ठा, ई-पब, पीडीएफ, चित्रं, सगळं. प्रत्येक वेळी पूर्ण पुस्तक असेलच असं नाही, काही प्रकाशक नुसता उतारा देतात. पण तरी त्या चार हजारांचे पैसे तिथेच वसूल होतात.

डाउनलोड मात्र जड असतं. आमच्या इथल्या नेटवर, त्यात पावसात वीज दिवसातून चार वेळा जाणार, ते अर्ध्यावर तुटतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. मी आता प्रयत्नच करत नाही, पॅकेट आलं की चिपळूणला मावसभावाकडे जाते, त्याच्याकडे फायबर आहे, पेनड्राइव्हवर भरून संध्याकाळच्या एसटीने परत. एकदम सगळं उतरवू नका, कॅटेगरीप्रमाणे वेगवेगळ्या फाइली असतात, आधी शॉर्ट स्टोरी आणि नॉव्हेला घ्या. आणि कृपा करून पॅकेट ग्रुपवर टाकू नका. ते मतदारासाठी विश्वासाने दिलेलं असतं, ते बाहेर फिरायला लागलं तर उद्या लेखक द्यायचे बंद होतील आणि नुकसान आपल्यासारख्यांचंच होईल, जवळ ना मोठं दुकान ना त्या पुस्तकांची लायब्ररी.

वाचायचं कसं याचीही एक रीत मला सापडलीय. आधी सगळ्यात छोटं. सहा शॉर्ट स्टोऱ्या दोन रात्रींत होतात, सहा नॉव्हेला दोन आठवड्यांत, कादंबऱ्या सगळ्या होतच नाहीत, मी प्रत्येकीची पन्नास पानं वाचते आणि ज्या सोडवत नाहीत त्या पूर्ण करते. वाचून झालं की त्याच रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या, नाहीतर जुलैपर्यंत सगळं एकमेकांत मिसळतं. आणि लेखकाच्या नावाकडे बघू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, का तर नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मी सुभाषदादाच्या फोनवर गोष्टी टाकून देते तेव्हा पहिलं पान काढूनच टाकते, त्याला नाव कळतच नाही, आणि त्याची मतं माझ्यापेक्षा स्वच्छ असतात.

गेल्या पावसात एकदा दोन दिवस वीज नव्हती. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात मी आत्येला एक गोष्ट मराठी करत करत वाचून दाखवत होते, ती खोबरं किसत बसली होती. गोष्टीत समुद्राशी करार केलेली एक बाई होती, वर्षातून एकदा ती त्याला काहीतरी परत द्यायची. मला ती फार सुंदर वाटली होती. आत्ये किसणी बाजूला ठेवून म्हणाली, हे लिहिणारीने समुद्र लांबनं पाहिलाय गो, भरती-ओहोटीचं एक वाक्य नाही, करार काय हवेत झाला? मी परत वाचली तर खरंच नव्हतं. ती गोष्ट माझ्या यादीत पहिल्यावरून तिसऱ्यावर गेली. म्हणून सांगते, एकट्याने वाचू नका, घरात कोणालातरी सांगून बघा. मत तुमचंच, पण कान आणखी दोन असले की बरं.

आता मुख्य भाग, मत भरायचा. बॅलटवर प्रत्येक कॅटेगरीत सहा नावं आणि सातवं 'नो अवॉर्ड' असतं. तुम्ही टिक करायची नाही, क्रम लावायचा, १, २, ३ असे आकडे टाकायचे. मी पहिल्या वर्षी प्रत्येक ठिकाणी नुसता १ टाकला आणि सबमिट केलं, मला वाटलं झालं. माझ्या दोन कॅटेगऱ्यांतला पहिला पहिल्याच फेरीत बाद झाला आणि माझं मत तिथेच संपलं, पुढे कोण जिंकावं यात मला काहीच बोलता आलं नाही.

हे कसं चालतं ते माशांवरून सांगते, आमच्या वाचनाच्या ग्रुपच्या जेवणाचा बेत धरा. २३ जण, पर्याय सुरमई, बांगडा, कोळंबी, आणि चौथा 'मासा नकोच', तोच आपला नो अवॉर्ड. पहिल्या पसंती मोजल्या: सुरमई ८, बांगडा ७, कोळंबी ५, मासा नकोच ३. साध्या मतदानात सुरमई जिंकली असती, २३ मधल्या १५ जणांनी तिला पहिलं दिलेलं नसतानाही. इथे तसं नाही. सगळ्यात कमी ३, ते बाद. त्या तिघांतल्या दोघांनी पुढे काहीच लिहिलं नव्हतं, त्यांची मतं संपली, एकाने दुसरा बांगडा लिहिला होता, तो बांगड्याला. आता सुरमई ८, बांगडा ८, कोळंबी ५. कोळंबी बाद. त्या पाचांतल्या चौघांचा पुढचा नंबर बांगडा, एकाचा सुरमई. बांगडा १२, सुरमई ९. उरलेल्या २१ मतांत निम्म्याहून जास्त झाली, बांगडा पुढे. जास्त लोकांना जे चालतं ते वर येतं, नुसतं ज्याचे भक्त जास्त ते नाही.

पण अजून संपलं नाही, एक शेवटची तपासणी असते. सगळ्या २३ मतपत्रिका परत बघायच्या: किती जणांनी बांगडा 'मासा नकोच'च्या वर ठेवलाय आणि किती जणांनी खाली. समजा ते पहिले तिघं, आणि शिवाय दोन सुरमईवाले ज्यांना बांगडा अजिबात सोसत नाही. ५ विरुद्ध १८, बांगडा पास. उलटं झालं असतं तर मासाच नाही.

म्हणून नो अवॉर्ड कुठे ठेवायचा हे विचार करून ठरवा. त्याच्या वर जे आहे ते पुरस्काराच्या लायकीचं, खाली जे आहे त्याला मिळण्यापेक्षा कोणालाच न मिळालेलं बरं, असा त्याचा अर्थ. नो अवॉर्डला आकडा दिला आणि एखादं नाव कोरंच सोडलं तर ते नावही त्याच्या खालीच धरलं जातं, त्यामुळे न वाचलेल्या पुस्तकावर नकळत शिक्का मारला जाऊ शकतो. माझा नियम: ज्या कॅटेगरीत मी बरंच वाचलेलं नाही तिथे नो अवॉर्डला आकडाच देत नाही. आणि एकही वाचलं नसेल तर कॅटेगरी अख्खी कोरी. ओळखीचं नाव आहे म्हणून आकडा टाकायचा नाही, कारण पलीकडे कोणीतरी सगळी सहा वाचून मत देत असतं आणि तुमचा न वाचता टाकलेला आकडा त्याचं मत खोडतो.

एक सदस्यत्व म्हणजे एका खऱ्या माणसाचं मत. चार नावांनी घेऊन एकालाच टाकू असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. २०२४ ला ग्लासगोच्या वर्ल्डकॉनच्या मोजणीत ३७७ मतं बाद केली होती, कारण ती एकाच फायनलिस्टसाठी बनावट नावांनी टाकलेली निघाली, आणि तसं त्यांनी निकालाच्या आधीच जाहीर करून टाकलं. त्याच्या आदल्या वर्षी उलटं झालं होतं, पुरेशी नॉमिनेशन्स मिळालेली काही पुस्तकं कारण न देता अपात्र ठरवलेली होती, आकडे जानेवारी २०२४ ला बाहेर आले तेव्हा ते कळलं. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं होतं की पुढच्या वर्षी पैसे भरावे का नाही असं झालं. सुभाषदादा म्हणाला, मग तुझ्यासारखे गेले की राहणार कोण. भरले.

मत भरताना आणखी एक: मध्ये मध्ये सेव्ह करत राहा, एक कॅटेगरी झाली की सेव्ह. वीज गेली तर तेवढंच वाचतं. सेव्ह केलेलं मत शेवटच्या मिनिटापर्यंत बदलता येतं, म्हणून मी जूनमध्येच एक कच्चं मत टाकून ठेवते आणि वाचत जाईन तसे आकडे हलवते. शेवटची वेळ बहुतेक तिकडच्या घड्याळाप्रमाणे असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ दिली असेल तर उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे, म्हणजे त्यांचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९. तेवढा सकाळचा वेळ जास्त मिळतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, जुलैत झाड पडून लाइन गेली तर दुपार काय आणि रात्र काय.

निकाल बहुतेक ऑगस्टमध्ये लागतो आणि तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, चहा घेत ऑनलाइन बघता येतो. नंतर मोजणीचे पूर्ण आकडे पीडीएफमध्ये येतात, कुठल्या फेरीत कोण बाद झालं, कोणाची मतं कोणाकडे गेली, सगळं. ते नक्की उघडा. मी आत्येला घेऊन बसते आणि तिने खाली ढकललेली गोष्ट शोधते. ती त्या वर्षी चौथी आली होती.